हरवलेला नकाशा आणि मुंबई बेट
(वसई येथील भाषण)



आज आम्ही एका कागदाची हकिकत घेऊन तुमच्यापुढं उभे आहोत. कागद काय चीज असते ते तुम्हाला सांगायला नको. हजेरीच्या पुस्तकात नाव नसलं, तर आठ तास साच्यापुढं राबलेला माणूससुद्धा गैरहजर ठरतो! बेटांचंही असंच झालं.

२३ जून १६६१ रोजी लंडनला तह झाला. लग्न पोर्तुगालच्या कॅथरीनचं आणि इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सचं, अन् आंदण गेलं आमचं मुंबई बेट! इथल्या कोळ्याला, भंडाऱ्याला, कुणब्याला कोणी विचारलं? तहात मुंबईचं बंदर आणि बेट असं लिहिलं. पण बेट म्हणजे केवढं, ते कोण सांगणार?

इंग्रज म्हणाले, आम्हाला दाखवलेल्या नकाशात मुंबईबरोबर साष्टी आणि ठाणंही होतं. पोर्तुगीज म्हणाले, छे, दिलं ते एकटं मुंबई बेट. मग काढा की तो नकाशा बाहेर! तर नकाशाच गहाळ. आणि घेणाऱ्यांची अक्कल पाहा: त्यांचे मोठे मंत्री लॉर्ड क्लॅरेंडन मुंबई ब्राझीलजवळ समजत होते.

सप्टेंबर १६६२ मध्ये इंग्रजांचं आरमार आलं, पण पोर्तुगीज विजरईनं ताबा दिला नाही. त्यामागं वसईचाही हात होता. वसई ही उत्तरेकडच्या पोर्तुगीज मुलखाची राजधानी. इथल्या जमीनदार फिदाल्गोंच्या वाड्या-शेतं बेटांवर पसरलेली. त्यांच्या पोटात गोळा उठला. इकडं इंग्रज सेनापती शिपमन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहत बसला; १६६४ मध्ये तो तिथंच मेला, त्याचे बहुतेक शिपाईही रोगराईनं गेले. शेवटी १८ फेब्रुवारी १६६५ रोजी हंफ्रे कुकनं मुंबईचा ताबा घेतला. ओहोटीला मधून पायी चालत जाता येतं, तेव्हा माहीमही आमचंच, असं म्हणून त्यानं तेही गिळलं. नकाशा नसला की ओहोटीचा चिखलसुद्धा पुरावा होतो! १६६८ मध्ये राजानं सगळं बेट वर्षाला १० पौंड भाड्यानं कंपनीला देऊन टाकलं.

तो नकाशा गेला. पण वसईचा एक हातानं रंगवलेला नकाशा मात्र राहिला आहे, आणि त्याचा माग लागतो. १६३५ मध्ये गोव्याच्या दप्तरखान्याचा प्रमुख आंतोनियो बोकारू यानं राजाच्या हुकमावरून पूर्वेकडच्या सगळ्या किल्ल्यांचं पुस्तक तयार केलं. ती पोथी पोर्तुगालात एव्होरा गावच्या ग्रंथालयात आहे. मजकूर बोकारूचा, पण चित्रं कोणाची? जाणकार ती पेद्रो बार्रेतो दे रेसेंदे याची मानतात. हा विजरईचा चिटणीस. त्यानं पुढं स्वतःचीही पोथी केली, ती लंडनला आहे. दोन्ही पोथ्या शेजारी ठेवल्या, तेव्हा हा माग लागला.

राजाला हे पुस्तक कशाला हवं होतं? किल्ल्यात तोफा किती, शिपाई किती, उत्पन्न किती, हे कळायला. म्हणून चित्रात तट आणि बुरूज ठळक. ज्यांनी डोक्यावरून दगड वाहिले त्यांच्या पाड्यांची खबर कोण ठेवतो?

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेनं तटाखाली सुरुंग पेरले आणि वसई घेतली. साष्टी दोन वर्षं आधीच मराठ्यांकडं आली होती. पण जे हरवलेल्या कागदावर मागितलं होतं, ते इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरात तोफा लावून घेतलं, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात पचवलं.

गिरण्या बंद पडल्यावर आपल्यातली कितीतरी कुटुंबं गिरणगाव सोडून विरार-नालासोपाऱ्याला आली. रविवारी पोरांना घेऊन वसईच्या किल्ल्यात जा. रेसेंदेनं रंगवलेला तट अजून उभा आहे. तटाच्या कडेनं फिरा आणि सुरुंगानं फुटलेली जागा कुठं असेल ते पोरांनाच शोधायला लावा.