पेट्रा गावच्या गृहिणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी तुम्हांला जरा दूरच्या गावी नेणार आहे. ग्रीस देशाच्या पूर्वेस, तुर्कस्तानच्या किनाऱ्यासमोर लेस्वोस नावाचे बेट आहे. साफो ही प्राचीन कवयित्री ह्याच बेटावरची. त्याच्या उत्तर भागात समुद्रकाठी पेट्रा हे लहानसे गाव वसले आहे. पेट्रा म्हणजे खडक. गावात एक उंच कातळ असून त्यावर मेरीमातेचे देऊळ आहे. ११४ पायऱ्या चढून गेले की खाली लाल कौले, पलीकडे निळे पाणी आणि भोवती ऑलिव्हच्या बागा दिसतात. निवांतपणा हवा असलेले प्रवासी उन्हाळ्यात तेथे येतात.

पण मला सांगायचे आहे ते तिथल्या गृहिणींविषयी. ऑलिव्ह वेचायला त्या, घरी रांधायला त्या. कष्टाचा पैसा मात्र क्वचितच त्यांच्या हाती पडे. १९८३ साली त्यांनी एकत्र येऊन सहकारी संस्था काढली. ग्रीसमधली स्त्रियांची ही अशी पहिलीच संस्था. भांडवल कोणते? तर घरातली एखादी खोली आणि हाताची चव! प्रवाशाची सोय सभासदांच्या घरी होई. पुढे संस्थेचे भोजनगृहही निघाले. द्राक्षाच्या पानांत भात भरून केलेल्या गुंडाळ्या, हा घरचाच पदार्थ, पाहुण्यांच्या पानात पडू लागला.

त्या बेटांवर मुलीला हुंड्यात घर देण्याची चाल होती. परंतु कायद्याने हुंड्याचा कारभार नवऱ्याच्या हाती असे. त्याच १९८३ साली ग्रीसने कायदा बदलून हुंडा रद्द केला आणि नवऱ्याचे कुटुंबप्रमुखपणही काढून टाकले. कायद्याने हक्क दिला. त्या हक्काला चार पैशांचा आधार संस्थेने दिला.

कोणी म्हणेल, ह्यात नवीन ते काय? अंथरुणे घालायची नि चूल सांभाळायची, काम तेच! खरे आहे. पण पूर्वी त्या कामाची मोजदाद नव्हती. आता त्याला दाम आला. शिवाय एकेकटीने खोल्या दिल्या असत्या, तर शेजारणी-शेजारणींनीच एकमेकींचे भाव पाडले असते.

भगिनींनो, आपल्या मंडळात सुगरणींना तोटा नाही. उद्या आपण एखादा उद्योग काढला, तर जमाखर्चाच्या वहीत प्रत्येकीचे नाव आणि तिच्या कामाचा मोबदला मांडलेला असावा, एवढीच माझी विनंती आहे.