अपंगांचे हक्क आणि विहाराच्या चार पायऱ्या
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



साचाखात्यात ज्यांनी पंचवीस-तीस वर्षं काढली, त्यांच्याशी मोठ्यानेच बोलावे लागते. मागांच्या खडखडाटात आम्ही तिथे हातवाऱ्यांनीच बोलायचो. आता घरी नातवंडं म्हणतात, आजोबा मुद्दाम ऐकत नाहीत! या माणसांना कोणी अपंग म्हणत नाही. पण आवाजाने येणारे बहिरेपण हा धंद्यातून होणारा रोग आहे, असे 1948 च्या कामगार राज्य विमा कायद्याच्या परिशिष्टात होते. ती विमा योजना आखली गेली त्या काळात, 1942 ते 1946, मजूर खाते बाबासाहेबांकडे होते.

संविधानाच्या 41 व्या कलमातही आजारपण, म्हातारपण आणि अपंगत्व यांत सरकारने मदत करावी असे म्हटले आहे. मात्र ते मार्गदर्शक तत्त्व. त्यावर कोर्टात जाता येत नाही. कोर्टात जाता येईल असा कायदा व्हायला 1995 साल उजाडले. त्यात सात प्रकारचे अपंगत्व आणि नोकरीत 3 टक्के जागा होत्या. 2016 च्या कायद्याने 21 प्रकार मानले, आणि जागा 4 टक्के केल्या. सिकलसेल, थॅलेसेमिया, ॲसिड हल्ला, सगळे त्यात आले. सरकारने शब्दही बदलून 'दिव्यांग' केला. आम्हाला तो फारसा रुचत नाही. पोरगं रांगत जिना चढतं, त्यात दिव्य ते काय?

आता आपल्या घरांपुरतं सांगतो, कारण इथेच आपली माणसं फसतात. अपंगांचे आरक्षण आडवे आहे. म्हणजे अनुसूचित जातीचा उमेदवार अपंग जागेवर निवडला गेला, तर तो अनुसूचित जातीच्याच खात्यात धरला जातो. केंद्राच्या नोकरीत अपंगांना वयाची 10 वर्षे सूट आहे. अनुसूचित जातीच्या अपंगाला 15. म्हणून जातीचा दाखला आणि अपंगाचा दाखला, दोन्ही काढा. एकावर भागवू नका.

दाखल्यावर 40 टक्के किंवा जास्त लागते, तरच आरक्षण. 6 ते 18 वयाच्या अशा मुलाला जवळच्या शाळेत किंवा आवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क आहे. हेडमास्तर 'जमणार नाही' म्हणाले तर लेखी मागा. लेखी म्हटलं की बरेचदा जमतं!

आणखी एक. चारचौघांत अपंगाला मुद्दाम अपमानित केले, तर 92 व्या कलमाखाली सहा महिने ते पाच वर्षे कैद आहे. शिवी खाऊन मान खाली घालणे म्हणजे काय, हे आपल्या वस्तीला वेगळे सांगायला नको. नाक्यावरच्या पोरांनीही हे ध्यानात ठेवावे.

कागदावर एवढे आहे, पण खिडकीवर काय होते? वस्तीतल्या एका बाईंना मुलाला पाठीवर घेऊन एका सरकारी इस्पितळात तीन खेपा घालाव्या लागल्या. एकदा डॉक्टर नव्हते, एकदा मशीन बंद, एकदा लिफ्ट बंद. अपंगाचा दाखला वरच्या मजल्यावर! सरकारी इमारती सुगम करायची मोहीम 3 डिसेंबर 2015 ला सुरू झाली. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावे लागले, की सुगमतेचे नियम ऐच्छिक ठेवून चालणार नाही, सक्तीचे करा.

सरकारला बोलतो, तेव्हा आपल्या दारातही बघू. आपल्या विहाराला चार पायऱ्या आहेत, सहा-सहा इंचांच्या. उंची 24 इंच. उताराचा हिशेब एकास बारा, म्हणजे 24 फूट लांब रॅम्प. समोर तेवढी जागा नाही, पण बाजूच्या गल्लीकडून वळवून बसतो. आम्ही टेप लावून पाहिलंय. पौर्णिमेला तीन माणसं खुर्चीत रस्त्यावर बसून वंदना घेतात. त्यातली एक आजी धम्मदानाची पावती सर्वांत आधी फाडते.

रंगाचे काम पुढच्या वर्षी करू, आधी रॅम्प करू, असा ठराव आम्ही कमिटीपुढे ठेवला आहे. आणि येत्या रविवारी सकाळी 10 वाजता विहारात कार्डाचे अर्ज भरायला दोन मुलं बसतील. आधार कार्ड, फोटो आणि जुना दाखला असेल तर तो आणावा. साचाखात्यातल्या मंडळींनी जरूर यावे. आवाज दिलेला ऐकू येणार नाही, म्हणून आम्ही घरी येऊन सांगू.

जयभीम.