ओळखलं का, आजी?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



केज तालुक्यात युसूफ वडगावच्या परिसरातली माणसं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. पट्टा पडला की परततात. दारात उभ्या नातवाकडे पाहत आजी विचारते, “कोण रं बाबा?” लेकरू हिरमुसतं. सुनेला वाटतं, पाच-सहा महिन्यांत विसरली. शेजारी म्हणतात, म्हातारीला भ्रम झाला.

खरं कारण बहुधा वेगळं असतं. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, बाहुली आक्रसते. विशीत डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो, त्याच्या साधारण तिसरा हिस्साच साठीत पोचतो. त्यात मोतीबिंदू असला तर सगळंच धूसर. दारात उभ्या माणसाच्या पाठीमागे ऊन असतं, म्हणून आजीला चेहऱ्याऐवजी नुसती सावली दिसते. नातू बोलला की मात्र ती लगेच ओळखते.

दुसरं कारण मेंदूत आहे. अमेरिकी संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या एका मोठ्या अभ्यासात असं आढळलं, की नवे चेहरे लक्षात ठेवण्याची ताकद तिशी ओलांडल्यावर सर्वाधिक असते. पुढे ती हळूहळू उतरते. जुने, रोजचे चेहरे सहसा टिकून राहतात. रागावलेला, उदास चेहराही म्हातारपणी चटकन कळत नाही. हसरा त्या मानाने कळतो. सून गप्प राहून रुसली, तर सासूला पत्ताच नसतो आणि घरात धुसफूस वाढते.

याची उलट बाजू अधिक धोक्याची. उतारवयात अनोळखी चेहराही ओळखीचा वाटू लागतो. “ओळखलं का, आजी? मी तुमच्या भाच्याचा दोस्त,” असं म्हणत कुणी ओसरीवर येतो. मुरवतीपोटी आजी “होय की” म्हणते, चहा टाकते. अशाच ओळखीवर अंगावरचे दागिने जातात. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगून ठेवा : नाव-गाव विचारायला संकोच नको. तो अपमान नव्हे.

आपण काय करावं? म्हाताऱ्या माणसाची परीक्षा घेऊ नये. तोंडावर उजेड येईल असं समोर बसावं, आधी नाव सांगावं : “आजी, मी तुमचा थोरला नातू.” डोळे तपासून घ्यावेत. अंबाजोगाईचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय इथून फार लांब नाही, आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते.

मात्र रोज सोबत राहणारा मुलगा आवाजावरूनही ओळखू येईना, आरशात पाहून “ही कोण?” असं विचारणं सुरू झालं, तर त्याला वय म्हणून सोडू नका. डॉक्टरांना दाखवा. आणि हे एकाएकी घडलं, तर त्याच घटकेला दवाखाना गाठा.

एवढं एक लक्षात ठेवू या. आजीनं “कोण रं?” म्हटलं, तर रुसू नये. दोन पावलं पुढं जावं आणि आपलं नाव सांगावं.