सही एकदाच, पैसे दरमहा

मी पनवेल-उरण रस्त्यावरच्या जासई गावचा. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी जे आंदोलन झालं, त्यात पाच जण हुतात्मा झाले. त्यांचं स्मारक आमच्या गावात आहे. तेव्हापासून आमच्याकडची म्हातारी माणसं एकच गोष्ट सांगत आली, ‘कागद वाचल्याशिवाय सही करू नको.’ आज त्याच सहीबद्दल बोलणार आहे. पण जमिनीच्या नव्हे, बँकेतल्या कागदावरच्या.

माझा पुतण्या डंपर चालवतो. गाडी कर्जावर घेतलेली, हप्ता ३१ हजार ५०० रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेला खात्यातून आपोआप जाणारा. घरचं वीजबिलही त्यानं त्याच खात्याला जोडलं होतं. बिल यायचं १४०० रुपयांच्या आसपास. रांगेत उभं राहायला नको, तारीख चुकायला नको. मीच त्याला म्हटलं होतं, ‘बरं केलंस.’

दोन वर्षांपूर्वी एका महिन्यात मीटरचं रीडिंग चुकीचं घेतलं गेलं आणि बिल आलं २३ हजार ८६० रुपयांचं. हातात बिल घेऊन काउंटरवर जाणारा माणूस असता, तर आधी भांडला असता. पण इथे भांडायला कोणी नव्हतंच. बिल आलं, ३ तारखेला पैसे गेले. खात्यात ४८ हजार होते, ते उरले २४ हजार १४०. मोबाईलवर संदेश आला होता, पण पोरगा गाडीवर. पाहिलाच नाही.

५ तारीख रविवारी होती. हप्ता सोमवारी जाईल असं तो धरून चालला. पूर्वी ते खरंही होतं. पण १ ऑगस्ट २०२१ पासून ही वसुली सुट्टीच्या दिवशीही होते. हप्ता परत गेला. चार दिवसांनी पुन्हा मागणी आली, पुन्हा परत. बँकेनं दोन वेळा ५९० रुपये दंड घेतला, कर्ज देणाऱ्यांनी दोन वेळा ५९०. एकूण २३६० रुपये. जादा घेतलेले वीजबिलाचे पैसे बुडाले नाहीत, पण रोखही मिळाले नाहीत. पुढच्या बिलांत वळते होत राहिले, जवळजवळ सोळा महिने. आणि दुसऱ्या गाडीसाठी कर्ज मागायला गेला, तेव्हा त्याला कळलं की परत गेलेल्या हप्त्याची नोंद झाली आहे. ‘काका, मी तर एक दिवसही पैसे बुडवले नाहीत,’ तो म्हणाला. मला उत्तर देता येईना.

मंडळी, ही सोय वाईट नाही. रिझर्व्ह बँकेनं १९९०च्या दशकात ईसीएस आणली, तिची जागा पुढे ‘नॅच’नं घेतली. आता यूपीआयवरही ऑटोपे आहे. अडचण एवढीच, की बिल तपासणं आणि पैसे देणं ही दोन कामं आपण एक करून टाकली. देणं यंत्रावर सोपवता येतं, तपासणं नाही.

परवानगीच्या त्या कागदावर, म्हणजे मॅन्डेटवर, एक रकाना असतो: जास्तीत जास्त किती रक्कम काढायची. पुतण्यानं तिथे २५ हजार लिहिले होते. कोणी तरी सांगितलं, मोठा आकडा टाका म्हणजे अडचण येत नाही. तिथे ३ हजार असते, तर ते बिल अडलं असतं आणि आमचे डोळे उघडले असते. दुसरा रकाना शेवटच्या तारखेचा. तो नीट भरा. विमा, व्यायामशाळा, वाहिन्यांची वर्गणी बंद केली म्हणजे वसुली आपोआप थांबतेच असं नाही. बँकेत जाऊन मॅन्डेट रद्द करा आणि पोच घ्या.

उलटही घडतं. कार्डाची मुदत संपते, विम्याचा हप्ता जात नाही, आपण मात्र ‘जातोय’ म्हणून निवांत. महिन्याच्या हप्त्याला सवलतीचे दिवस पंधराच असतात.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. चेक परत जाणं जसा गुन्हा, तसंच अपुऱ्या पैशांमुळे अशी वसुली परत जाणंही २००७च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या २५व्या कलमाखाली गुन्हा ठरू शकतो. नोटीस येऊनही पैसे भरले नाहीत, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून अशी नोटीस आली तर बाजूला टाकू नका.

कार्डावरून होणाऱ्या वसुलीची सूचना किमान २४ तास आधी द्यावी, असा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला. तो संदेश वाचा. वसुली थांबवायची संधी त्यातच असते. चूक बँकेची असेल, तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

आमच्या घरी आता दोन खाती आहेत. हप्त्याचं वेगळं, बिलांचं वेगळं. बिलांच्या खात्यात लागतील तेवढेच पैसे. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर सुनेनं प्रत्येक वसुलीची तारीख लाल पेन्सिलीनं गोल केली आहे. आदल्या दिवशी ती विचारते, ‘भरलेत ना पैसे?’ यंत्र हे विचारत नाही.