लष्कर, शिक्षा आणि साक्षीदार



आजचा विषय चालकांनी सुचवला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हणालो. मी आठवीपर्यंत शिकलेला माणूस. भाईंदर आणि मीरा रोडच्या गाळ्यांतून तीस वर्षे कामगारांची संघटना बांधली. कायदा शिकलो तो लेबर कोर्टाच्या बाकावर बसून आणि फूटपाथवरची जुनी पुस्तके विकत घेऊन. लष्करातल्या माणसाने स्त्रीवर अत्याचार केला तर त्याला शिक्षा कशी व्हावी आणि असे पुन्हा घडू नये म्हणून काय करावे, हे मी काय सांगणार? पण विचार करता ध्यानात आले की यातला निम्मा प्रश्न चौकशीचा आहे, आणि चौकशा मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या नया नगरात अशी कुटुंबे आहेत, जी १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबई सोडून इकडे आली. मी त्या दिवसांत मुंबईतच होतो. लष्कराच्या गाड्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या तेव्हा कित्येक दिवस बंद असलेली दारे उघडली, हे मी पाहिले आहे. तेव्हा लष्कराची निंदा ऐकायला कोणी आले असेल तर त्याची निराशा होईल. मी बोलणार आहे तो त्या उघडलेल्या दारांच्या बाजूने.

असा विषय निघाला की आपल्याकडे एक उद्गार ठरलेला असतो: रांझ्याच्या पाटलासारखा चौरंगा करा! रिक्षावाल्यापासून प्रोफेसरापर्यंत सगळे हेच म्हणतात. मीही अनेक वर्षे म्हणत होतो. मग एकदा त्या पत्राचा मजकूर वाचण्यात आला. पत्र २८ जानेवारी १६४६ चे, शिवाजीमहाराजांच्या उपलब्ध पत्रांपैकी अगदी सुरुवातीचे. रांझे गावचा मोकदम बाबाजी गुजर याने बदअमल केल्याची खबर आली, त्याला हुजूर आणवले, चौकशी केली, गुन्हा शाबीत झाला, हातपाय तोडले आणि वतन जप्त केले. आपण सारे हातपायांशीच थांबतो. पण पाटील म्हणजे त्या काळी गावातले सरकार. ज्याच्याकडे दाद मागायची तोच गुन्हेगार. तरीही खबर त्याच्या डोक्यावरून वर गेली. निवाडा त्याच्या भाऊबंदांनी केला नाही, वरच्याने केला. आणि जे झाले ते कागदावर आले. शिक्षा त्या काळाची होती, ती त्या काळातच राहू द्यावी. आज कोणाचे हातपाय तोडावेत असे मला वाटत नाही. पण खबर वर जाण्याची वाट मात्र मला आज हवी आहे.

पाटील हा काही शिपाई नव्हे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. मग फौजेचे पाहा. सभासदाने १६९४ च्या सुमारास जिंजीला बखर लिहिली, तीत लष्कराचे नियम आहेत. फौजेबरोबर बायका, बटकी, कलावंतिणी नेऊ नयेत. मुलखात बायकापोरांना धरू नये. मोडेल त्याची गर्दन मारावी. महाराजांना शिव्या देणाऱ्या खाफीखानानेही, त्यांच्या हाती पडलेल्या बायकांच्या अब्रूला धक्का लागत नसे, हे लिहून ठेवले आहे. शत्रूची साक्ष आहे, म्हणून तिचे मोल अधिक. नियम मोहिमेला निघण्यापूर्वीच सांगितलेला होता आणि तो शिपायाइतकाच सरदारालाही होता, हे यातले मर्म.

आता दोनशे वर्षे पुढे, पुण्यात या. १८९७ चा प्लेग. रँडसाहेबाच्या हाताखाली सोजीर घरांत शिरून रोगी शोधू लागले. माजघरापर्यंत गेले, बायकांची तपासणी केली, अशा तक्रारी झाल्या. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात होते. पुण्याहून मित्रांची पत्रे गेली. त्यांच्या आधारावर गोखल्यांनी 'मँचेस्टर गार्डियन'ला सांगितले की, सोजिरांनी दोन स्त्रियांवर बलात्कार केला आणि त्यांतल्या एकीने पुढे जीव दिला. विलायतेत गहजब झाला. मुंबई सरकारने पुरावा मागितला. गोखले परतले, ज्यांनी लिहिले होते त्यांना भेटले. एकही जण नावानिशी उभा राहीना. ऑगस्ट १८९७ मध्ये गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली.

शाळेतल्या पुस्तकात हा प्रसंग गोखल्यांच्या सचोटीचा म्हणून येतो. मी तो साक्षीदारांच्या बाजूने वाचतो. काय दिवस होते ते पाहा. २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडलेली. जुलैत टिळकांना राजद्रोहासाठी पकडलेले. सोजिरांच्या वागणुकीबद्दल तक्रारी करणाऱ्यांत जे नातू बंधू होते, त्यांना १८२७ च्या रेग्युलेशनखाली विनाचौकशी स्थानबद्ध केलेले. अशा वेळी कोणती बाई, कोणाचा बाप, पुढे येऊन म्हणणार होता की माझ्या घरी असे झाले? त्या दोन स्त्रियांच्या बाबतीत खरे काय घडले ते आज कोणी सांगू शकणार नाही. पण ज्याचे सोजीर, त्याचाच गव्हर्नर आणि त्याचाच तुरुंग, तिथे 'पुरावा नाही' या शब्दांचा अर्थ 'गुन्हा नाही' असा मी लावत नाही.

आता माझी गोष्ट. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. बरीच वर्षे झाली. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात पॅकिंगला असलेल्या एका बाईने मुकादमाविरुद्ध माझ्याकडे तक्रार आणली. गाळ्याचे नाव घेत नाही. मी मालकाला पत्र दिले. मालकाने चौकशी लावली आणि चौकशी अधिकारी म्हणून मुकादमाच्या वरच्या सुपरवायझरला बसवले. दोघेही एकाच ताटात जेवणारे. बफिंगवरच्या दोघांनी प्रकार पाहिला होता. आदल्या रात्री दोघे माझ्या घरी आले आणि म्हणाले, "साहेब, उद्या आमचा हप्ता कोण देणार?" दुसऱ्या दिवशी त्यांनी काही पाहिले नव्हते. मी काय केले? बोनसची बोलणी चालू होती. ती फिसकटू नयेत म्हणून मी त्या बाईला म्हणालो, "ताई, दुसऱ्या गाळ्यात काम बघून देतो." तिने माझ्याकडे नुसते पाहिले. दुसऱ्या महिन्यापासून ती कामावर दिसली नाही. मुकादम निवृत्त होईपर्यंत तिथेच होता, आणि बोनस आम्हाला मिळाला.

ब्रिगेडच्या अधिकाऱ्याला हीच अडचण येत असणार, असे मला वाटते. तो दुष्ट असतो असे नव्हे. मोहीम चालू असते, पलटणीचे नाव असते, आपली माणसे असतात. मीही दुष्ट नव्हतो.

कायदा काय म्हणतो? १९५० च्या आर्मी ॲक्टचे ७० वे कलम सांगते की, लष्करी माणसाने नागरिकावर खून किंवा बलात्कार केला तर कोर्टमार्शल होत नाही. खटला साध्या न्यायालयात चालतो. ऐकायला चांगले वाटते. पण अपवाद आहेत: तो माणूस 'सक्रिय सेवेवर' असेल, देशाबाहेर असेल, किंवा ठरवून दिलेल्या सरहद्दीच्या ठाण्यावर असेल तर कोर्टमार्शल होऊ शकते, आणि कोर्टमार्शल की फौजदारी न्यायालय याची पहिली निवड १२५ व्या कलमाने लष्करी अधिकाऱ्याकडेच आहे. म्हणजे छावणी पुण्याला असेल तर एक वाट, अशांत भागात असेल तर दुसरी. २०१८ साली खडकीच्या लष्करी रुग्णालयात काम करणाऱ्या एका मूकबधिर स्त्रीने जवानांविरुद्ध तक्रार केली, ती पुण्याच्या पोलिसांत नोंदली गेली. बोलता न येणाऱ्या बाईची तक्रार हातवाऱ्यांची भाषा जाणणाऱ्यांच्या मदतीने पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचते; पण १९५८ चा सशस्त्र दलांचा विशेषाधिकार कायदा जिथे लागू आहे, तिथे बोलता येणाऱ्या बाईचा खटलाही केंद्र सरकारच्या मंजुरीवाचून उभा राहत नाही. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने राज्यसभेत सांगितले की, २००१ पासून जम्मू-काश्मीरहून मंजुरीसाठी आलेल्या ५० प्रकरणांपैकी ४७ नाकारली आणि ३ विचाराधीन आहेत. ही सगळीच काही अत्याचाराची नव्हती, आणि त्यांत खोटीही असतील. पण खोटे ठरवायचे ते न्यायाधीशाने.

लष्कर स्वतःहून शिक्षा करतच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. हाताखालच्या महिला अधिकाऱ्याच्या तक्रारीवरून एका मेजर जनरलला कोर्टमार्शलने २०१८ साली दोषी ठरवले आणि २०१९ मध्ये त्याची बडतर्फी कायम झाली. इतक्या वरच्या पायरीचा माणूस आमच्या कारखानदारीत कधी घरी गेलेला मी पाहिला नाही.

न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये स्पष्ट लिहिले की, सैनिकांनी केलेले लैंगिक गुन्हे साध्या फौजदारी कायद्याखाली यावेत आणि त्यांना मंजुरीची अट नसावी. शिवाय, हाताखालच्यांना रोखण्यात कसूर करणाऱ्या वरिष्ठालाही तुरुंग असावा. त्याच वर्षी कायदा झाला. तैनातीच्या भागात सैनिकाने बलात्कार केल्यास किमान दहा वर्षे, कमाल जन्मठेप, हे कलम आले. १ जुलै २०२४ पासून ते न्याय संहितेत ६४ व्या कलमात आहे. वरिष्ठाच्या जबाबदारीचे कलम मात्र आले नाही. विशेषाधिकार कायद्यातली मंजुरीही जिथल्या तिथे राहिली. म्हणजे चौरंगा आपण मोठा केला. खबर वर जाण्याची वाट तेवढीच अरुंद ठेवली.

दुसरीकडे काय चालले आहे? अमेरिकेत हा वाद वर्षानुवर्षे चालला. सेनापती म्हणत, खटल्याचा अधिकार काढला तर शिस्त बिघडेल. शेवटी डिसेंबर २०२१ मध्ये तिथे कायदा झाला, आणि २०२३ च्या अखेरीपासून अशा गुन्ह्यांत खटला भरायचा की नाही हे पलटणीचा अधिकारी ठरवत नाही, त्याच्या साखळीबाहेरचे लष्करी वकील ठरवतात. कॅनडात न्यायमूर्ती लुईस आर्बर यांनी २०२२ च्या अहवालात आणखी पुढे जाऊन हे गुन्हे सरळ नागरी न्यायालयांकडे द्या असे सांगितले.

आमच्या कामगारांच्या जगात हे थोडे आधी उमगले. विशाखा निकाल १९९७ चा, कायदा २०१३ चा. तक्रार समितीची अध्यक्ष स्त्री हवी आणि एक सभासद बाहेरचा हवा. अनेक गाळ्यांत ही समिती अजून कागदावर आहे, हे कबूल. पण जिथे बाहेरची बाई खरोखर येऊन बसते तिथे साक्षीदाराचा आवाज फुटतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. ती मालकाची मिंधी नसते.

म्हणून माझे मागणे मोठे नाही. नागरिक स्त्रीची तक्रार असेल तर ठिकाण कोणतेही असो, तपास पलटणीबाहेरच्याने करावा आणि खटला साध्या न्यायालयात चालावा. तपास चालेपर्यंत आरोपीची तिथून बदली करावी, बाईची नव्हे. मंजुरी नाकारायची तर कारणे लिहून, ठरलेल्या मुदतीत, आणि त्या बाईच्या हातात कागद देऊन नाकारावी. आणि साक्ष देणारा जवान, त्याला विसरू नका. आपल्याच सोबत्याविरुद्ध खरे बोलणाऱ्या त्या पोराची बढती कोण सांभाळणार? माझ्या त्या दोन बफिंगवाल्यांचा प्रश्न त्याच्याही पोटात असतो. त्याचे उत्तर नियमांत लिहिलेले असले पाहिजे.

अध्यक्षांनी वेळ संपल्याची चिठ्ठी पाठवली आहे. प्रश्न असतील तर जरूर विचारा. कायद्याची कलमे मी वहीत उतरवून आणली आहेत. मागे बसलेल्या भगिनींना पुढे येऊन बोलायचे नसेल तर कागदावर लिहून द्यावे. नाव घातले नाही तरी चालेल.