तामिळ देवळांच्या भिंतींवरचा हिशेब



या व्याख्यानाची पत्रिका हाती पडल्यावर आमच्याच युनियनमधील एका तरुण सहकाऱ्याने विचारले, "अण्णा, पगारवाढ आणि बोनस सोडून तुम्ही देवळांत कधीपासून शिरलात?" प्रश्न रास्त आहे. तुमच्यापैकीही काहींच्या मनात तो असेल, म्हणून त्याचे उत्तर आधी देऊन मग पुढे जाऊ.

आम्ही पंडित नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावरच्या सभांत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. मूर्तींची शास्त्रोक्त लक्षणे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु तीस वर्षे आम्ही एक काम इमानाने केले आहे. ते म्हणजे मजुरीच्या नोंदी वाचणे. हजेरीपट, पगारपत्रक, करारनामा हे आमचे ग्रंथ. त्यात कोणाचे नाव आहे, कोणाचे गाळले आहे, कोणाच्या पदरात किती पडले आणि तोटा आला तर तो कोणाच्या माथी बसणार, हे ओळखण्याची सवय डोळ्यांना लागून गेली आहे. तामिळनाडूतील जुन्या देवळांच्या भिंतींवर अशाच नोंदी दगडात कोरलेल्या आहेत. त्या आम्ही वाचू लागलो, आणि आमच्या डोळ्यांदेखत त्या पुसल्या जात आहेत हेही पाहिले. या दोनच गोष्टी आज सांगावयाच्या आहेत.

संघटनेच्या कामानिमित्त आमचे तिरुचिरापल्लीस, म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांच्या त्रिचनापल्लीस, वरचेवर जाणे होते. तिथला एक फिटर आमचा स्नेही. तोही आम्हांला 'अण्णा' म्हणतो, कारण थोरल्या भावाला तामिळीतही तोच शब्द आहे. सुटीच्या दिवशी तो आम्हां तिघाचौघांना एस.टी.ने आसपासच्या गावांत नेऊ लागला. मदुराई, श्रीरंगम ही गर्दीची देवळे त्याने मुद्दाम टाळली. "तिथे तुम्ही यात्रेला या," तो म्हणाला. "वाचायला यायचे तर जिथे रांग नाही तिथे या."

पहिले देऊळ पाहिले ते कावेरीच्या उत्तर काठावरील श्रीनिवासनल्लूरचे. नाव कोरंगनाथ. 'कुरंगु' म्हणजे वानर. देऊळ बांधीत असता वानराने विघ्न आणले आणि म्हणून येथे देवाची स्थापना झालीच नाही, असे लोक सांगतात. दहाव्या शतकातील, पहिल्या परांतकाच्या काळातील हे काम. दक्षिणेच्या कोनाड्यात झाडाखाली दक्षिणामूर्ती बसला आहे. हात-पाय फुटलेले, पण चेहऱ्यावरची शांतता जिवंत माणसाच्या चेहऱ्यावरही सहसा दिसत नाही. आम्ही गेलो तेव्हा आवारात आमच्याखेरीज फक्त शेळ्या होत्या.

नंतर पुदुक्कोट्टै जिल्ह्यात नार्तामलैच्या खडकाळ डोंगरावर गेलो. तिथे विजयालय चोळीश्वर हे दगडी देऊळ आहे. बाहेरून चौकोनी आणि आत गाभारा मात्र वर्तुळाकार. समोरच्या गुहेत विष्णूच्या बारा पुरुषभर उंचीच्या मूर्ती ओळीने उभ्या आहेत. या देवळावर एक लहानसा लेख आहे. सात्तन भूती नावाच्या सरदाराने हे देऊळ बांधले, पावसाने त्याची पडझड झाली आणि मल्लन विडुमन याने ते दुरुस्त केले, एवढाच त्याचा मजकूर. देऊळ बांधणाऱ्याच्या नावाशेजारी ते सावरणाऱ्याचेही नाव! मेंटेनन्स खात्यातल्या कामगाराची कदर इतक्या जुन्या काळी कोणीतरी केली होती, हे वाचून आमच्या फिटरची छाती फुगली.

आता या लेखांविषयी थोडे सांगितले पाहिजे. तामिळीत त्यांना 'कल्वेट्टु' म्हणतात. 'कल्' म्हणजे दगड, 'वेट्टु' म्हणजे कोरणे. ते बहुतेक देवळाच्या जोत्यावर आणि बाहेरच्या भिंतींवर असतात. अभ्यासक ओला कागद दगडावर बसवतात, ब्रशाने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत दाबतात आणि वरून शाईची गादी फिरवतात. खाच पांढरी राहते, बाकीचे काळे होते. असे ठसे घेऊन, वाचून ते छापण्याचे काम हुल्ट्श या जर्मन पंडिताने सरकारी नोकरीत सुरू केले. त्याच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९० साली निघाला. आम्ही ज्ञान मिळवले ते अशा छापील वाचनांतून आणि फिटरच्या तोंडून.

तंजावरचे बृहदीश्वर देऊळ दुर्लक्षित नाही. परंतु तिथे येणाऱ्या हजारोंपैकी भिंत वाचणारे किती? पहिल्या राजराज चोळाने १०१० साली ते पूर्ण केले. आपण, आपली थोरली बहीण कुंदवै, राण्या आणि इतर लोक यांनी जे जे दिले ते सर्व दगडावर कोरावे, असे त्याने फर्मावले. म्हणून त्या भिंतीवर ४०० नर्तिकांची नावे आहेत. त्या कोणकोणत्या गावच्या देवळांतून आणल्या, कोणत्या गल्लीत कितवे घर प्रत्येकीला दिले आणि वर्षाला १०० कलम भात हा प्रत्येकीचा वाटा, असे सारे तपशीलवार नोंदवले आहे. पुढे शिंपी, सुतार, सोनार, परीट, न्हावी, कुंभार, दिवे लावणारे यांचेही वाटे आहेत. या नर्तिकांना तिथे येण्याविषयी कोणी विचारले होते काय, हे मात्र भिंतीवर नाही. पगारपत्रक सगळे सांगत नाही, हे कामगाराला ठाऊक असते.

दुसरी नोंद नंदादीपाची. एका दिव्यासाठी ९६ मेंढ्या, किंवा ४८ गाई, किंवा १६ म्हशी धनगर-गवळ्यांच्या हवाली करावयाच्या आणि त्यांनी दररोज एक उळक्कु तूप देवळात पोचवावयाचे. अशा मेंढ्यांना लेखांत 'सावा मूवा', म्हणजे न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या, असे म्हटले आहे. भाविकाला यात भक्ती दिसेल. आम्हांला करारनाम्याचे कलम दिसले. मेंढी मेली तर दान घटत नाही. कळपात जन्मणाऱ्या कोकरांनी धनगराने ती उणीव भरून काढावयाची. दात्याचे पुण्य अक्षय आणि जोखीम सांभाळणाराची! हजार वर्षांपूर्वी हे कलम लिहिणारा आजच्या एखाद्या कंपनीत सल्लागार म्हणून सहज शोभला असता.

ही देवळे घडवणाऱ्या हातांचे काय? पल्लवांचा महेंद्रवर्मा मंडगपट्टूच्या लेखात सांगतो, की हे देवालय विटा, लाकूड, धातू आणि चुना यांवाचून आपण करविले. छिन्नी कोणी चालवली ते त्यात नाही. परंतु महाबलिपुरम् जवळच्या पूंजेरी गावी एका खडकावर पल्लवकालीन अक्षरांत कारागिरांची नावे कोरलेली आहेत. त्यांत एक केवाद पेरुंतच्चन आहे, एक कोल्लन सेमकन आहे. 'पेरुंतच्चन' म्हणजे थोर शिल्पी, 'कोल्लन' म्हणजे लोहार. ग्रॅनाइटवर छिन्नी किती वेळ टिकते हे ज्याने पाहिले असेल, त्याला छिन्नीला पाणी देणारा लोहार त्या यादीत का आहे हे सांगावे लागणार नाही. महाबलिपुरचे रथ पाहायला जग लोटते. त्या नावांपुढे उभे राहिलो तेव्हा आमच्यापैकी कोणीही काही बोलले नाही.

उत्तरमेरूरचे लेख पुष्कळांच्या ऐकिवात असतील. ९१९ आणि ९२१ सालच्या या लेखांत गावसभेच्या समित्यांचे नियम आहेत. तीस वॉर्डांतून नावांच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकावयाच्या आणि लहान मुलाच्या हातून काढावयाच्या. दुसऱ्या लेखाप्रमाणे वय पस्तीसच्या वर आणि सत्तरच्या खाली हवे. गेल्या तीन वर्षांत जो समितीवर होता तो चालत नाही. ज्याने समितीवर बसून हिशेब दिला नाही तो अपात्र, आणि त्याचे नातेवाईकही अपात्र! आमच्यासह सर्व संघटनांनी हे कलम आपल्या घटनेत घालण्याजोगे आहे. मात्र याला कोणी आजची लोकशाही म्हणू लागला तर त्याला थांबवले पाहिजे. ही ब्राह्मणांच्या गावची सभा होती. सारा भरणारी जमीन, स्वतःचे घर आणि वेदाचे ज्ञान या तिच्या अटी होत्या. ती जमीन कसणाऱ्याची आणि बायांची चिठ्ठी त्या मडक्यात नव्हती. शिलालेखाचा आदर करावयाचा तर तो पुरता वाचावा.

कारण याच भिंतींवर दुःखही आहे. तिरुप्पांपुरम् येथे १२०१ सालची नोंद आहे. दुष्काळात एका वेल्लाळ शेतकऱ्याने स्वतःला आणि आपल्या दोन मुलींना ११० काशूंना देवळाला विकले. ज्या भिंतीवर दाने कोरली तिथेच ही विक्रीही कोरली गेली.

आणि याच भिंतींवर प्रतिकारही आहे. तामिळ देशात अनेक जाती 'उजव्या हाताच्या' आणि 'डाव्या हाताच्या' अशा दोन तटांत वाटलेल्या होत्या आणि त्यांचे हाडवैर असे. परंतु १४२९ साली, विजयनगरच्या अंमलात, करांचा जाच असह्य झाला तेव्हा कावेरीच्या खोऱ्यात दोन्ही हातांच्या ९८-९८ गटांनी एकत्र बसून ठराव केला. जुलमी कर द्यावयाचे नाहीत, कोणते किती द्यावयाचे ते आपण ठरवू, आणि अधिकाऱ्यांना साथ देणाऱ्या जमीनधारकांना थारा द्यावयाचा नाही. हा ठराव कोरुक्कैसारख्या गावांच्या देवळांवर कोरला आहे. दोन तटांच्या दोन युनियनांना एका टेबलाशी आणण्यात ज्यांचे आयुष्य गेले आहे, त्यांना या ओळींचे मोल कळेल.

आता दुसरी गोष्ट. ही वही फाडली जात आहे. तामिळनाडूत सरकारी धर्मादाय खात्याच्या देखरेखीखाली ३५,०००हून अधिक देवळे आहेत. त्यांतील पुष्कळांचे उत्पन्न तुटपुंजे. कित्येकांत दिवसातून एकदाच दिवा लागतो. पिंपळाचे बी शिखरात रुजते, मूळ सांध्यात शिरते, जाड होते आणि दगड सुटतो. हे झाले ओसाडपणाचे. माणसाचे नुकसान त्याहून वाईट. राजेंद्र चोळाच्या गंगैकोंडचोळपुरम् येथील देवळाचे दगड १८३६ साली कोळ्ळिडम नदीवरील बंधाऱ्यासाठी नेले गेले. आणि अलीकडच्या काळात तर जीर्णोद्धारच अक्षरांच्या मुळावर उठला. चुन्याचे आणि रंगाचे हात चढले, यंत्राने वाळूचा मारा करून दगड 'स्वच्छ' केले, फरशी उंच करताना जोत्यावरच्या ओळी सिमेंटखाली गेल्या. ज्याने वर्गणी दिली त्याचा हेतू वाईट नव्हता, आणि ज्या मजुराच्या हातात यंत्र होते त्याला तर त्या खाचा म्हणजे काय हे कोणी सांगितलेच नव्हते.

दुरुस्ती आणि जतन एकत्र होऊ शकत नाही, असे कोणी म्हणेल तर त्याला तिरुक्कोडिकावलला न्यावे. दहाव्या शतकात चोळ घराण्यातील विधवा राणी सेंबियन महादेवी हिने तिथले जुने देऊळ दगडात नव्याने बांधविले. जुन्या दगडांवरचे लेख तिने आधी नव्या भिंतीवर उतरवून घेतले, आणि ही जुन्या लेखाची नक्कल आहे, असेही तिथे नमूद करविले. त्यांत तिच्या घराण्याआधीच्या राजांच्या दानांचेही लेख होते. दुसऱ्याचा हिशेब आपल्या हातून हरवू नये, एवढी बूज त्या बाईने हजार वर्षांपूर्वी राखली.

मराठी माणसाचाही या भिंतींशी संबंध आहे. तंजावरच्या त्याच देवळात सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. परमुलखात आपली बाळबोध अक्षरे पाहून ऊर भरून येतो. मग आपल्या गावच्या वेशीवरचा वीरगळ आणि शेंदराच्या पुटाखालचा शिलालेख यांकडेही आपण पाहावे.

आमचे मागणे मोठे नाही. तिकडे जाल तेव्हा देवदर्शन जरूर घ्या. मग देवळाला बाहेरून एक फेरी घाला आणि जोत्याकडे पाहा. जीर्णोद्धाराची वर्गणी मागायला कोणी आला तर भिंतीवरच्या अक्षरांचे काय करणार, हे विचारल्याशिवाय पावती फाडू नका. आणि काम करणाऱ्या मजुराला, त्या खाचांत त्याच्याच पूर्वजांची मजुरी लिहिली आहे, हे सांगा. आमचा अनुभव असा, की एकदा हे कळले म्हणजे त्याचा हात आपोआप थांबतो.