पाळणाघर कुणी काढायचं?



नवऱ्यानं टाकलेल्या किंवा नवरा मेलेल्या बाईला, पदरात तान्हं असताना, काम का मिळत नाही असं विचारलं जातं. प्रश्नच उलटा आहे. काम मिळतं. चार घरची धुणीभांडी, नाक्यावरची बिगारी, कंत्राटी झाडू. ते टिकत नाही. पोराला ताप आला की खाडा, आणि दोन खाडे झाले की तिच्या जागी दुसरी बाई. शिक्षण, वय, हुन्नर हे सगळं नंतर. आमच्या वस्तीत मी बघते ते एवढंच, की जिची आई जवळ राहते ती कामाला जाते. जिची नाही, तिची नऊ वर्षांची पोरगी शाळा सोडून धाकट्याला कडेवर घेते.

कायदा आहे ना! 1948 च्या फॅक्टरी ॲक्टात 30 हून जास्त बायका असल्या की पाळणाघर होतं. 2017 च्या दुरुस्तीनं 50 कामगारांचा आकडा आणला. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तोच 50. चार मालकिणींकडं एकटी राबणाऱ्या मोलकरणीनं पन्नास मोजायचे कुठून? भांडी मोजली तर भरतील.

अंगणवाडी 1975 पासून आहे. पण तिथं बसायचं वय तीन ते सहा, तेही काही तासच. दीड वर्षाच्या पोराला घरी न्यायचा शिधा मिळतो, सांभाळणारे हात मिळत नाहीत. संजय गांधी निराधार योजनेचे महिना 1500 रुपये 2023 मध्ये झाले, त्यात खोलीचं भाडंही निघत नाही. शिवाय टाकलेल्या बाईनं टाकल्याचा पुरावा आणायचा. टाकणाऱ्याला कोण काय विचारतं?

1928 मध्ये मुंबईच्या कौन्सिलात बाबासाहेब प्रसूतीच्या बिलाच्या बाजूनं उभे राहिले. हा भार मुख्यतः सरकारचा, पण मालकही सुटत नाही, असं त्यांनी मांडलं. बाळंतपणाचं पुढं काही झालं तरी. पोर रांगायला लागल्यावर काय, यावर व्यवस्था गप्प. आणि आपणही.

आपलं समाजमंदिर दिवसभर कुलपात असतं. संध्याकाळी कॅरम, जयंतीला मंडप. महापालिकेकडं पाळणाघराची मागणी लावून धरूच, निवेदन मी लिहिते. तोवर सोमवारपासून सकाळी सातला किल्ली बायांकडं द्या. दोन म्हाताऱ्या पोरं सांभाळायला तयार आहेत, पण फुकट नाही. त्यांचा रोज वर्गणीतून काढा. डीजेला किती मोजतो, ते कमिटीला पाठ आहे.